पाचाडचा वाडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहासावर मी काय बोलणार? पण घर म्हटले की बाईला चार गोष्टी कळतात. म्हणून रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला असलेल्या जिजाऊसाहेबांच्या वाड्याविषयी सांगते.

गडावर राजवाडा असताना खाली हा दुसरा वाडा कशाला? गड सुमारे २७०० फूट उंच. उतारवयात मातोश्रींना तिथली थंड हवा आणि वारा मानवेना, म्हणून महाराजांनी हा वाडा बांधवला. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला मातोश्रींनी पाचाडलाच देह ठेवला. त्यांची समाधीही पाचाडलाच आहे.

आज वाड्याला छप्पर नाही. भोवतीचा दगडी कोट आणि आतली जोती तेवढी उरली आहेत. आपल्याकडच्या पावसात लाकूड कुजते, दगड राहतो. पण त्या जोत्यांमधून फिरताना घर कळते. विहिरी कोटाच्या आतच आहेत, म्हणजे पाण्यासाठी बाहेर जायला नको. एका विहिरीच्या काठी टेकून बसायला दगडी तक्क्या केला आहे. तिला तक्क्याची विहीरच म्हणतात. तेथे बसून मातोश्री लोकांची गाऱ्हाणी ऐकत, असे सांगतात. जवळ पाणी, पाठीला आधार आणि माणसांचा राबता! म्हातारपणी आणखी काय लागते?

आता आपल्या बिरवाडीत कौलारू घरे उतरवून स्लॅबची घरे उठत आहेत. आमचेही या उन्हाळ्यात उतरवायचे आहे. नकाशात एक खोली वाढली आणि ओटी गेली. सासूबाईंनी एवढेच विचारले, "मग मी बसायचे कुठे?" कोणीच उत्तर दिले नाही. तेव्हा मी म्हटले, खोली लहान करा, पण ओटी ठेवा. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मीही मागे हटलेली नाही.

रायगड २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आला. गड पाहायला जाल तेव्हा पाचाडला थांबा. समाधीला फूल वाहा, जोत्याचा एक चिराही हलवू नका, आणि तो तक्क्या नीट पाहून या. मग घरी येऊन नकाशात म्हातारीची जागा आधी आखा, खोल्या मागाहून.