घरघर न करणारा संगणक

एकाच खोलीत तान्हं बाळ झोपतं आणि पुतणी अभ्यास करते, तिथे घरघरणारा संगणक कसा चालेल? म्हणून आम्ही दोघी जावांनी सुटे भाग आणून तो घरीच जोडला. पंखा ८० ऐवजी १२० मिलिमीटरचा घेतला. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, आवाज कमी. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट वाटाण्याएवढीच. जास्तीची बाहेर ओघळते.

पुतणीला वेग वाढवून हवा होता, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. पण व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर नुसत्या त्यानेच उष्णता साधारण २१ टक्के वाढते आणि पंखा पुन्हा ओरडू लागतो. म्हणून व्होल्टेज तेच ठेवून जेवढा वेग टिकला, तेवढ्यावर थांबलो. पुतणी थोडी हिरमुसली. बाळ मात्र झोपतं! धूळ साचली की पंखा जोरात फिरतो, म्हणून ती महिन्याला काढतो: वीज बंद करून, पातं बोटाने धरून, मऊ ब्रशने.