विद्यार्थ्यांचे थेट प्रक्षेपण : काही तांत्रिक अडचणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय वाचून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मुले आधीच टीव्ही आणि मोबाईलपायी डोळे बिघडवून घेत आहेत, आणि हे गृहस्थ त्यांना टीव्ही कसा दाखवावा हे शिकवायला आले! आपली शंका रास्त आहे. परंतु टीव्ही पाहणे आणि टीव्ही दाखवणे यांत जेवणे आणि स्वयंपाक करणे यांच्याएवढे अंतर आहे. पहिल्यात वेळ जातो. दुसऱ्यात शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांतील ध्वनी, प्रकाश आणि विद्युत ही तिन्ही प्रकरणे एकाच संध्याकाळी परीक्षा घेतात, आणि त्या परीक्षेला पुरवणी परीक्षा नसते.

विद्यार्थ्यांनी स्वतः टीव्ही केंद्र चालवण्याची परंपरा ब्रिटनमध्ये चांगलीच जुनी आहे. ग्लासगो विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे केंद्र १९६४ साली सुरू झाले, यॉर्क विद्यापीठातील १९६७ साली. १९७३ साली अशा केंद्रांची एक राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. ही केंद्रे विद्यार्थीच चालवतात आणि त्यांतले बरेचसे इंजिनिअरिंगचे नसतात. इतिहास शिकणारा मुलगा कॅमेरा धरतो आणि रसायनशास्त्राची मुलगी आवाज सांभाळते.

या मुलांची खरी कसोटी कोठे लागते याचे एक उदाहरण घेऊ. यॉर्क आणि लँकेस्टर ही विद्यापीठे पेनाइन डोंगररांगेच्या दोन बाजूंना आहेत. पंधराव्या शतकात पांढऱ्या आणि लाल गुलाबाच्या नावाने इंग्लंडच्या गादीसाठी जी युद्धे झाली, त्यांची आठवण ठेवून १९६५ पासून या दोन विद्यापीठांत ‘रोझेस’ नावाच्या क्रीडास्पर्धा होतात. साधारणपणे एक वर्ष यॉर्कला, तर पुढचे वर्ष लँकेस्टरला. अनेक खेळ, अनेक मैदाने, भर म्हणून नदीवरच्या नौकाशर्यती, आणि हे सारे दोन-तीन दिवसांत. विद्यार्थ्यांनी अशा स्पर्धांचे थेट प्रक्षेपण करायचे म्हणजे नेमके काय करायचे, तेच आज आपण पाहू.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना मुंबई दूरदर्शनचे सुरुवातीचे दिवस आठवत असतील. २ ऑक्टोबर १९७२ रोजी ते केंद्र सुरू झाले. पुढे क्रिकेटच्या मैदानाबाहेर मोठी ओ.बी. व्हॅन उभी राहू लागली, आणि आपण पोरे सामना सोडून तिच्याभोवतीच घुटमळत असू. त्या गाडीत एक पूर्ण केंद्रच चाकांवर घातलेले असते. विद्यार्थ्यांकडे अशी गाडी नसते. त्यांच्याकडे घडीचे टेबल असते, वर ताडपत्री असते आणि कोठून कोठून मागून आणलेले कॅमेरे असतात. स्टुडिओत वीज, छप्पर, तारा आणि घड्याळ जागच्या जागी असतात. बाहेर निघाले की हे सर्व पाठीवर वाहून न्यावे लागते.

घड्याळ म्हटले याचे आपणांस नवल वाटेल. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये टीव्हीचे चित्र म्हणजे सेकंदाला २५ स्थिर चित्रे. प्रत्येक चित्र ४० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग टिकते. चार कॅमेरे असतील तर चौघांनीही आपले प्रत्येक चित्र एकाच क्षणी सुरू केले पाहिजे. शाळेच्या कवायतीत एका रांगेतून दुसऱ्या रांगेत शिरायचे असेल तर दोन्ही रांगांची पावले एकाच वेळी पडावी लागतात, नाहीतर टक्कर होते. इथेही तसेच आहे. पावले जुळली नाहीत तर एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना चित्र उडी मारते किंवा फाटते. महागड्या कॅमेऱ्यांना बाहेरून ताल देण्यासाठी एक वेगळी तार लावता येते. मागून आणलेल्या कॅमेऱ्यांना ती सोय बहुधा नसते. मग मधे असे यंत्र ठेवतात की जे आलेले चित्र क्षणभर धरून ठेवते आणि ताल आला की पुढे सोडते. आजकाल लहान मिक्सरमध्येही ही सोय आत बसवलेली असते.

परंतु धरून ठेवले म्हणजे उशीर झाला. एका यंत्राने एक चित्र अडवले, दुसऱ्याने आकार बदलताना आणखी एक, तिसऱ्याने आणखी एक. तीन चित्रे अडली की १२० मिलिसेकंद गेले. आवाज मात्र मायक्रोफोनमधून थेट पोहोचलेला असतो, आणि चित्र मागून धापा टाकत येते. बोलणाऱ्याचे ओठ हलण्याआधीच शब्द ऐकू येतात.

यातली गंमत अशी की आवाज मागे राहिला तर माणसाला तितकेसे खटकत नाही. नदीच्या पलीकडच्या काठावर धोबी कपडे आपटत असेल तर कपडा दगडावर आदळलेला आधी दिसतो आणि ‘धप्प’ नंतर ऐकू येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, प्रकाशाला तेवढ्यासाठी वेळ लागत नाही. मागून येणाऱ्या आवाजाची आपल्या कानाला जन्मापासून सवय आहे. आधी ‘धप्प’ आणि मग कपडा आदळला, असे सृष्टीत कोठेच घडत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत हाच फरक आकड्यांत दिला आहे : आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाच्या लक्षात येते, मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. म्हणून शहाणी मुले आवाजालाही मुद्दाम उशीर लावतात. किती, हे ठरवायला कॅमेऱ्यासमोर एकाने टाळी वाजवायची, ती मुद्रित करायची, आणि हात मिळाल्याचे चित्र व टाळीचा आवाज यांत किती अंतर पडले ते मोजायचे. एवढ्या मोठ्या यंत्रसामग्रीला शेवटी माणसाची टाळीच लागते!

आता तारांकडे वळू. चित्र नेणारी साधी केबल, उत्तम दर्जाचे चित्र असेल तर, शंभर मीटरच्या आसपासच भरवशाची असते. मैदानाची एक लांबी ओलांडून टेबलापर्यंत आले की ते शंभर मीटर संपले. पूर्वी तार लांबली की चित्रावर हळूहळू मुंग्या येत आणि माणूस सावध होई. अंकीय चित्राची तऱ्हा वेगळी. नव्वद मीटरवर स्वच्छ, शंभरवर स्वच्छ, आणि आणखी दहा मीटर जोडले की एकदम काळोख. विहिरीच्या काठावर चालण्यासारखे आहे : शेवटच्या पावलापर्यंत जमीन पक्की असते. त्यामुळे ‘सकाळी तर दिसत होते’ याला काही अर्थ नाही. सकाळी आपण काठापासून किती दूर होतो हे माहीत असले पाहिजे. त्यापुढचे अंतर काचतंतूच्या केबलने गाठतात. ती कित्येक किलोमीटर जाते. मात्र ती नाजूक असते, आणि खुर्चीचा पाय पडला की जागेवर दुरुस्त होत नाही. नदीवरची शर्यत तर तारेने बांधताच येत नाही. तिथे बिनतारी साधनांवरच भिस्त.

आणि केबल गुंडाळणे! मी अनेक मुलांना कॅमेरा शिकताना पाहिले आहे. केबल गुंडाळायला शिकायची मात्र कोणाला हौस नसते. आपल्याकडे दोरी गुंडाळतात तशी ती कोपर आणि पंजा यांच्याभोवती करकचून गुंडाळली की आतली तार पिळली जाते आणि पाच-सहा कार्यक्रमांत मरते. एक वेढा सुलटा, एक उलटा, अशी सैल गुंडाळली तर वर्षानुवर्षे टिकते आणि फेकली की सरळ उलगडते. माझ्या मते चांगला तंत्रज्ञ कार्यक्रमाच्या वेळी ओळखता येत नाही. तो कार्यक्रम संपल्यावर, सगळे जेवायला गेले असताना ओळखता येतो.

आवाजाच्या अडचणी चित्रापेक्षा जास्त आणि कमी कौतुकाच्या. चित्र दोन मिनिटे अस्पष्ट राहिले तरी लोक पाहत राहतात, आवाज गेला की उठून जातात. एक यंत्र एका खोलीतल्या विजेवर आणि दुसरे दुसऱ्या खोलीतल्या विजेवर चालवून दोघांना आवाजाच्या तारेने जोडले, की ध्वनिक्षेपकातून ‘हूं’ असा घुमारा सुरू होतो. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो, आणि तो फरक तारेतून वाहू लागतो. घरची वीज सेकंदाला ५० वेळा झुलते, तीच आपल्याला ऐकू येते. यावर काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. मुलांनो, हे कधीही करू नका. घुमारा थांबेल, पण एखाद्याचा जीवही जाईल. सगळी यंत्रे एकाच ठिकाणच्या विजेवर घ्यावीत, किंवा मधे आवाजाचा विलगक ट्रान्सफॉर्मर घालावा. आणि त्या विजेवर दुसरे काय लावले आहे तेही पाहावे. इंग्रजांची चहाची विजेची किटली तीन किलोवॅटपर्यंत वीज ओढते. थंडीत कुडकुडणाऱ्या एखाद्याने ती प्रक्षेपणाच्याच फळीवर लावली, तर चहा होण्याआधी फ्यूज उडतो. आपल्याकडे किटलीच्या जागी मंडपवाल्यांचे दिवे असतात, इतकेच.

दुसरी खोच अशी. नदीकाठचा वार्ताहर आणि टेबलाशी बसलेला निवेदक यांनी एकमेकांशी बोलायचे असते, तेव्हा वार्ताहराच्या कानात कार्यक्रमाचा आवाज सोडावा लागतो. त्या आवाजात त्याचे स्वतःचे शब्दही परत आले, आणि तेही सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने उशिरा, तर उत्तम वक्ताही अडखळू लागतो. त्याला स्वतःचा आवाज वगळून बाकी सर्व ऐकवावे लागते. दोन ठिकाणी दोन वार्ताहर असतील तर प्रत्येकासाठी वेगळी वजाबाकी करावी लागते. ही वजाबाकी करणारे मूल पडद्यावर कधी दिसत नाही.

आता ज्या अडचणीशी आपला सर्वांत जवळचा संबंध आहे तिच्याकडे येतो. चित्र मैदानातून जगाकडे जायचे कसे? उत्तम दर्जाचे कच्चे चित्र म्हणजे सेकंदाला सुमारे १४८ कोटी बिट. इंटरनेटवरून पाठवताना ते जवळजवळ तीनशे पट दाबून ५० लाखांवर आणतात. तरीही तेवढी वाट अखंड मोकळी लागते, आणि तीही वर चढवण्याची. आपल्या बहुतेक जोडण्या खाली उतरवण्यासाठी बांधलेल्या असतात. जाहिरातीतला मोठा आकडा उतरवण्याचा असतो, चढवण्याचा आकडा विचारून घ्यावा लागतो.

कोकणातल्या एका शाळेच्या बक्षीस समारंभाला मी पाहुणा म्हणून बसलो होतो. शाळेचे नाव सांगत नाही. तेथील कित्येक मुलांचे वडील कुवेत, दुबई, मस्कतला नोकरीला. त्यांना घरबसल्या समारंभ दिसावा म्हणून मोबाईलच्या जोडणीवरून थेट प्रक्षेपण ठेवले होते. दुपारी मैदान रिकामे असताना चाचणी झाली, चित्र काचेसारखे. संध्याकाळी पाच-सहाशे माणसे आली, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि गावात मनोरा एकच. बक्षिसे सुरू झाली, आपापल्या मुलाचे नाव आले की जो तो चित्र काढून पाठवू लागला. ज्यांच्यासाठी सारा खटाटोप, त्यांच्या पडद्यावर तेवढ्यातच चक्र फिरू लागले. माझ्या शेजारी बसलेल्या भगिनींचा मोबाईल वाजला, पलीकडून विचारणा होत होती, “झालं का तिचं नाव घेऊन?” नाव घेऊन झाले होते.

त्या मुलांकडचा कॅमेरा उत्तम होता. अडले ते वाटेपाशी. चाचणी गर्दीत घ्यायला हवी, किंवा गर्दी होणारच असे धरून वाट निवडायला हवी. शाळेच्या कार्यालयात तारेची जोडणी असेल तर मैदानापर्यंत केबल ओढावी. नसेल तर वेगवेगळ्या कंपन्यांची तीन-चार सिमकार्डे एकत्र बांधणारे यंत्र भाड्याने आणावे. मात्र सर्व कंपन्या एकाच मनोऱ्यावर असतील तर त्याचाही फारसा उपयोग नाही. मोजलेल्या वेगाच्या निम्म्यावरच प्रक्षेपण ठेवावे. आणि काही झाले तरी जागेवर मुद्रण चालू ठेवावे, म्हणजे रात्री का होईना, बापाला मुलगी दिसेल. ब्रिटनमधल्या मुलांना इमारतींपर्यंत पोहोचलेल्या विद्यापीठाच्या जाळ्याचा मोठा आधार असतो. त्यांचे मैदान जाळ्याच्या शेवटच्या खोबणीपासून जितके दूर, तितका त्यांचाही घसा कोरडा पडतो.

पालकांना माझी एक विनंती आहे. शाळेला देणगी द्यायची झाली की आपण कॅमेरा देतो, कारण तो दिसतो. क्रम उलटा ठेवा. आधी दोन चांगले मायक्रोफोन आणि केबली, मग शाळेपर्यंत तारेची जोडणी, मग अखंड वीज देणारी बॅटरी, आणि उरले तर कॅमेरा. आणि आपली मुलगी म्हणाली की मला आवाजाच्या टेबलाशी बसायचे आहे, तर तिला बसू द्या. कान तयार व्हायला वर्षे लागतात, आणि ती शाळेतच सुरू झालेली बरी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९७४ पासून दूरचित्रवाणीचे शिक्षण मिळते. दिल्लीच्या जामिया मिल्लियातील जनसंवाद केंद्र १९८२ पासून आहे. तिथे पोहोचणाऱ्या मुलाने आधी कोठेतरी केबल ओढलेली असली, तर त्याला वर्गात बसल्या बसल्या निम्मे समजते.

बोलणे लांबले. आजच्या ध्वनिक्षेपकाच्या केबली समारंभानंतर गोळा करायच्या आहेत. ज्या मुलामुलींना सुलटा-उलटा वेढा शिकायचा असेल त्यांनी मंचामागे थांबावे. चहा सांगून ठेवला आहे, आणि त्याची शेगडी गॅसची आहे.