रुग्णाची शिदोरी
(वार्षिक सभेतील भाषण)



तेल्हाऱ्याहून अकोला-नागपूरला उपचारार्थ जाणाऱ्या रुग्णाची शिदोरी हा आम्ही शुश्रूषेचाच भाग मानतो. प्रवासात उपाशी राहिलेला रुग्ण उपचारापूर्वीच खचतो. सेलियाक विकारात गव्हाचा कणही वर्ज्य असतो. काहींना दूधही सोसत नाही. अशांना आपली वऱ्हाडी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी व फुटाणे उत्तम. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम, तर फुटाण्यांत सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. मात्र गहू दळलेल्या चक्कीवर ही ज्वारी दळू नये; बांधणी हिंगही टाळावा, त्यात बहुधा गव्हाचे पीठ असते. भाकरी पूर्ण निवल्यावरच स्वच्छ फडक्यात बांधावी. ही दक्षता घरोघरी पोहोचविण्यास आपले सहकार्य लाभावे, ही नम्र विनंती.