पहिला चीक आणि वासराच्या आतड्यातील राखणदार
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मला वासरांच्या हगवणीबद्दल बोलायचे आहे. मात्र सुरुवात औषधापासून न करता वासराच्या आतड्यापासून करणार आहे.

आधी आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. मी शाळेत असताना आमची गाय रात्री व्याली. चांगली ठणठणीत कालवड झाली. जार पडल्याशिवाय वासराला पाजायचे नाही, अशी घरची रीत होती. जार पडायला सकाळचे दहा वाजले. तोवर कालवड धडपडत उठून कासेकडे जाई आणि आम्ही मुले तिला मागे ओढत असू. पुढे चीक काढला, त्यातला निम्मा खरवसासाठी घरात गेला. तिसऱ्या दिवशी कालवडीला पातळ, पिवळट हगवण लागली आणि पाचव्या दिवशी ती मेली. दृष्ट लागली, असे सगळे म्हणाले. पुढे पशुवैद्यकाचे शिक्षण घेताना मला उमगले, की दृष्ट वगैरे काही नव्हती. तिच्या हक्काचा चीक आम्हीच अडवला होता.

आतडे म्हणजे गावची वेस

आपण खातो-पितो ते आणि त्याबरोबर जाणारे असंख्य जंतू आतड्यातूनच जातात. ते पोकळीत असतात तोवर खऱ्या अर्थाने शरीराच्या बाहेरच असतात. आत आणि बाहेर यांच्यामध्ये असते ते आतड्याचे अस्तर. हे अस्तर पेशींच्या अवघ्या एका थराचे असते. दर काही दिवसांनी जुन्या पेशी गळून नव्या येतात. एवढ्या पातळ भिंतीवर सगळी भिस्त असल्यामुळे निसर्गाने तेथे कडक पहारा ठेवला आहे. शरीरातील संरक्षक पेशींचा फार मोठा वाटा आतड्यातच असतो.

अस्तरावर पहिल्यांदा बुळबुळीत स्रावाचा थर असतो. जंतू त्यात अडकतात. अस्तराच्या पेशींच्या सांध्यांत पांढऱ्या पेशी राखणीला बसलेल्या असतात. त्या बाधा झालेली पेशी ओळखून नष्ट करतात. त्याखाली ठिकठिकाणी या पेशींचे पुंजके असतात. पेयर या स्विस वैद्याने १६७७ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना पेयरचे पुंजके म्हणतात.

या पुंजक्यांचे काम समजायला सोपे आहे. आडतीवर माल आला की व्यापारी पोत्यातून मूठभर नमुना काढून पाहतो. तसेच पुंजक्यावरील खास पेशी आतड्यातील जंतूंचा नमुना उचलून आतल्या पेशींच्या हवाली करतात. त्या पेशी जंतू ओळखायला शिकतात, रक्तावाटे फिरून पुन्हा आतड्याच्या अस्तरात येतात आणि तेथे प्रतिपिंडे तयार करू लागतात. ही प्रतिपिंडे अस्तरातून पोकळीत उतरून जंतूंना चिकटतात. मग जंतूला भिंतीला धरून राहता येत नाही आणि तो शेणावाटे बाहेर जातो. लढाई वेशीबाहेरच संपते.

याच पेशींना आणखी एक गोष्ट शिकावी लागते. चारा, पेंड, दूध हेही शरीराला परकेच. पण त्यांच्याशी भांडून चालत नाही. मित्र कोण आणि शत्रू कोण, हे शिकायला वासराला काही आठवडे लागतात. तोपर्यंत त्याचे रक्षण कोणी करायचे?

उधारीची ढाल

याचे उत्तर चिकात आहे. माणसाच्या बाळाला आईची काही प्रतिपिंडे गर्भातच वारेतून मिळतात. गाय-म्हशीच्या जारेची रचना वेगळी असल्यामुळे त्यांच्या वासराला ती गर्भात मिळत नाहीत. वासरू जवळजवळ रिकाम्या हाताने जन्माला येते. आईची प्रतिपिंडे त्याला फक्त चिकातून मिळतात.

नवजात वासराचे आतडे ही प्रतिपिंडे न पचवता सबंधच रक्तात घेते. मात्र हे दार फार काळ उघडे राहत नाही. पहिल्या सहा तासांनंतर ते झपाट्याने मिटू लागते आणि साधारण २४ तासांत बंद होते. आमची कालवड रात्रभर उपाशी राहिली, तेव्हा हे दार मिटत चालले होते.

चिकात प्रतिपिंडे किती असतात, हे भगिनींनी चुलीवर पाहिलेले आहे. पहिल्या दिवसाच्या चिकाचा खरवस घट्ट बसतो, तिसऱ्या दिवशीचा तसा बसत नाही. जे घट्ट बसते त्यात प्रतिपिंडांचा वाटा मोठा असतो. म्हणूनच वासराला द्यायचा चीक कधीही उकळू नये.

काय करावे?

१) वासरू जन्मल्यावर नाका-तोंडातील चिकटा पुसावा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. जार पडण्याची वाट पाहू नये. वासराने कास चोखल्याने जार पडायला मदतच होते.

२) पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. दिवसभरात वासराच्या वजनाच्या किमान दहावा भाग चीक द्यावा. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. त्यातील निम्मा पहिल्या पाजणीत आणि उरलेला सहा तासांच्या आत दिल्यास उत्तम. वासराला नीट चोखता येत नसेल तर बाटलीने पाजावे.

३) दार बंद झाल्यावरही चीक वाया जात नाही. तो आतड्याच्या आत राहून जंतूंना अडवतो. म्हणून तीन-चार दिवस चीक चालू ठेवावा. वासराचे पोट भरल्यावर उरेल त्याचा खरवस अवश्य करावा.

४) गोठा कोरडा ठेवावा. राखणदार कितीही चांगले असले तरी जंतूंचा लोंढाच आला तर त्यांचे बळ अपुरे पडते. म्हशीच्या पारडांना दुधातूनही जंत होतात, म्हणून दहाव्या दिवसाच्या सुमारास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे.

५) हगवण लागलीच तर वासरू बहुधा शरीरातील पाणी आणि क्षार कमी झाल्याने मरते. डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसू लागली, की धोका समजावा. मुलांना देतो तसे साखर-मिठाचे पाणी लगेच सुरू करावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. दूध पूर्ण तोडू नये, पाणी आणि दूध यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे.

६) दुकानातून मनानेच प्रतिजैविकाची पूड आणून देऊ नये. विषाणूंवर तिचा उपयोग होत नाही आणि आतड्यातील उपयोगी जंतू मात्र मरतात.

७) आजारी वासराला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. हगवणीचे काही जंतू माणसांनाही बाधतात, लहान मुलांना विशेष जपावे.

बंधू-भगिनींनो, या सगळ्यात विकत आणायचे असे फारच थोडे आहे. चीक आपल्याच गोठ्यात असतो, तो फुकट असतो, फक्त तो वेळेवर द्यावा लागतो. पुढच्या वेळी गाय रात्री व्याली तर सकाळची वाट पाहू नका. कंदील घ्या, गोठ्यात जा आणि वासराला कासेला लावा. ती कालवड आज मोठी झाली असती, तिच्या वासरांच्याही वासरांना आम्ही दूध पाजले असते, हे मला अजून आठवते. तुमच्या गोठ्यात तसे होऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.