सँडविच टोस्टरची निवड

ब्रिटिश काळापासून लष्करी छावणी असलेल्या देवळाली कॅम्पात, जिथे सैन्यातील कुटुंबांना बदलीनुसार बिऱ्हाड हलवावे लागते, तिथे सँडविच भाजण्याचे साधन निवडताना केवळ किंमत पाहणे पुरेसे ठरत नाही. लांब दांड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा हातटोस्टर गॅसच्या शेगडीवर चालतो, वीज गेली तरी अडत नाही, आणि बटाटा व हिरव्या चटणीच्या मुंबईच्या टोस्ट सँडविचला हवा तसा खरपूसपणा त्यातच उत्तम येतो. मात्र उघड्या ज्योतीवर उष्णतेचे नियमन होत नसल्याने, आणि साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे नॉनस्टिक, म्हणजे पदार्थ चिकटू न देणारा लेप खराब होऊ लागत असल्याने, असा टोस्टर बिनलेपाचाच घेणे योग्य होय. विजेच्या टोस्टरमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक उष्णतेला प्रवाह आपोआप तोडणारी योजना असते; ७५० वॅटचे यंत्र आठ मिनिटे सलग तापले, तरी ०.१ युनिट वीज लागते. त्रिकोणी साच्यात पावाचे जाड काप नीट दाबले जात नाहीत. सपाट तव्यांच्या व वरखाली सरकणाऱ्या बिजागरीच्या ग्रिलमध्ये ते सर्वत्र सारखे भाजले जातात. असे यंत्र अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच जोडावे.