दारातले पाणी

थंड देशांत दारापुढचे बर्फ उपसण्यास फावडे घ्यावे की यंत्र, हा प्रश्न असतो. चेन्नईत तोच प्रश्न ईशान्य मोसमी पावसाच्या पाण्यासाठी पडतो.

२०१५ च्या डिसेंबरातील महापुरानंतर मी विजेचा पंप विकत घेतला. २०२३ च्या डिसेंबरात ‘मिचाँग’ वादळ आले, वीज गेली आणि पंप कोपऱ्यात पडून राहिला. शेजाऱ्यांनी डिझेलचा पंप आणला. त्याने गढूळ पाणीही ओढले. पण ते शिरले पलीकडच्या सखल घरात. तेथे एक वृद्ध बाई बादलीने पाणी उपसत होत्या. आम्ही खजील झालो, पंप थांबवला आणि फावड्याने गल्लीचे तुंबलेले गटार मोकळे केले.

श्रोतेहो, साधनाची शक्ती अवश्य पाहावी. पण उपसलेले पाणी कोणाच्या दारी जाईल, हे त्याआधी पाहावे.