मरणाच्या दारातून परतलेले



‘अमका मरून परत आला आणि तिकडचे सारे पाहून आला’ ही गोष्ट निघाली की, औशात काय नि लातुरात काय, ऐकणाऱ्यांच्या हातातला चहा निवून जातो. शेवटी कोणीतरी विचारतोच : मास्तर, विज्ञानाला हे उलगडेल काय?

थोडेफार उलगडले आहे. अमेरिकेतील रेमंड मूडी यांनी १९७५ साली अशा अनुभवांवर पुस्तक लिहिले. त्यातील माणसांना अंधारा बोगदा दिसतो, पलीकडे प्रकाश दिसतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील सतवंत पसरिचा व इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली भारतातील १६ हकीकती प्रसिद्ध केल्या. तेथे बोगदा नाही. दूत धरून नेतात, वहीवाला नाव तपासतो आणि ‘हा नव्हे, दुसरा’ म्हणून परत धाडतो. परलोकातही तहसील कचेरीच! दृश्य देशागणिक बदलत असेल, तर निदान त्याचे रंग तरी आपल्याच डोक्यातले आहेत, असे मला वाटते.

तथापि सारे कोडे सुटले असे समजू नये. हॉलंडमध्ये हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांची पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. असा अनुभव सांगितला तो ६२ जणांनी. बाकीच्यांना का नाही, याचे उत्तर डॉक्टरांपाशी नव्हते. पुढे २०१३ साली मिशिगन विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाले. हृदय थांबल्यावरही काही सेकंद मेंदूतील विद्युत्-हालचाल उसळते, असे त्यात दिसले. म्हणजे नाडी गेली तरी मेंदूचा कारभार तत्क्षणी आटोपत नाही. रूहविषयी माणसाला अल्पच ज्ञान दिले आहे, असे कुरआन सांगते. तो विषय मी प्रयोगवहीत घेत नाही.

परंतु आपल्या शिवारात हा प्रश्न निराळ्याच रूपाने येतो. मण्यार रात्री निजलेल्याला चावते. दुखत फारसे नाही, खूणही कधी दिसत नाही. मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते, श्वास मंदावतो. बोट हलत नाही, पण माणूस आतून शुद्धीवर असू शकतो, भोवतालचा आक्रोश ऐकत असतो. घरचे म्हणतात, गेला. कृत्रिम श्वास आणि सर्पविषावरची लस वेळेवर मिळाली तर हाच ‘गेलेला’ उठून बसतो, आणि श्रेय मात्र मांत्रिक घेऊन जातो.

तेव्हा कोणाच्या घरी असे घडले तर १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा. ‘मेला’ हा शब्द डॉक्टरांना उच्चारू द्या.